दोन काचेचे कवेलू

आठवीला प्रकाशाचा धडा मी सव्वीस वर्षं शिकवला. फळ्यावर सूर्य काढायचा, त्यातून तिरप्या रेषा मारायच्या आणि पोरांना विचारायचं, सफरचंद लाल काहून दिसते? मागच्या बाकावरून कोणीतरी ठरलेलं उत्तर देतं, "लालच असते म्हणून म्याडम." वर्ग हसतो, मीही हसते, आणि मग सांगते की बाबांनो, वर पडणाऱ्या उजेडात लाल असेल तरच सफरचंद तो लाल परत फेकेल. उजेडातच लाल नसला तर सफरचंद बिचारं काय करेल. यंदा तो धडा मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना देऊन टाकला. घसा बसला म्हणून सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

ती कशाची, ते मी आजवर दोनच माणसांसमोर बोलले आहे. आता लिहून टाकते.

माझे बाबा विणकर. नागपुरातल्या आमच्या वस्तीत एके काळी घरोघरी माग होते. शाळेत जाताना गल्लीच्या दोन्ही अंगांनी खटखट ऐकू यायची. आता त्या घरांतलं कोणी ऑटो चालवतं, कोणी कळमन्याला धान्याच्या काट्यावर असतं, कोणाचं मोबाइलचं दुकान आहे. माग उरला तो बाबांचा एकट्याचा. घर स्लॅबचं झालं, पण मागचं अंगण होतं तसंच राहिलं, आणि अंगणाच्या टोकाला मागघर. मातीच्या भिंती, कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आत जमिनीत खड्डा. त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. मागघराला खिडकी नाही, कारण कोरडी हवा लागली की सूत तुटतं, आणि आमच्याकडे आठ महिने कोरडीच हवा. दार आहे ते उत्तरेला, समोर शेजाऱ्याची भिंत. उजेडासाठी छपरात, मातीच्या कवेलूंमध्ये, आजोबांनी दोन काचेचे कवेलू बसवलेले होते. साडेदहाच्या सुमाराला त्यातून उन्हाचा पट्टा बरोबर मागावर उतरायचा आणि अडीच-तीनला भिंतीवर चढून जायचा. मधले तेवढे तास बाबांची ड्यूटी. पट्टा भिंतीवर चढला की ते खड्ड्यातून पाय काढायचे आणि म्हणायचे, "झालं, साहेब गेला घरी."

तिथे वीज का नाही, हे मला कितीतरी लोकांनी विचारलंय. होती एकदा. मी सहावीत असताना घरातून वायर ओढून एक बल्ब लावला होता. उंदरांनी वायर कुरतडली, ठिणगी पडली ती खालच्या सुताच्या कचऱ्यात, आणि मागावर ताणलेलं अर्धं सूत जळून काळं झालं. बाबांनी त्याच दुपारी वायर उपटून अंगणात फेकली. "सुताच्या घरात वायर नाही पाहिजे मले," म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. घराला मीटर आहे, पंखे आहेत, फ्रिज आहे. मागघरात मात्र ऊन गेलं की अंधार.

गेल्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. स्कूटरवर वीस मिनिटांचा रस्ता, तरी मी जायचे महिन्यातून दोनदा. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात, नव्या नवरीसारखी लाजत सांगितलं, "हे माह्यासाठी साडी लावून राहिले मागावर."

मला आधी कळेचना की यात एवढं काय. मग लक्षात आलं. त्या मागावर बाबांनी जन्मभर साड्या विणल्या आणि त्यातली एकही आमच्या घरात राहिली नाही. साडी उतरली की घडी, घडी की पिशवी, पिशवी की दुकान. आई जन्मभर बाबांच्या बाजूला बसली. करवतकाठी साडी विणायला तीन धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी अवजारं, लागतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे, कारण काठाच्या आतल्या कडेला करवतीच्या दातांसारखी जी नक्षी असते ती तिन्ही धाग्यांच्या गुंत्यातूनच उठते. तिसरा धोटा आई द्यायची. बाबांनी हात पुढे केला की तिनं धोटा सरकवायचा, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. आणि सणावाराला ती नेसायची मिलची साडी.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाले ही नेसजो म्हणे," आई म्हणाली. "अंग कोशाच्या रेशमाचं, काठ लाल, अन् लालच्या आत एक कथ्थई रेघ. म्हणे एक डोळा त गेल्यातच जमा हाय, दुसऱ्याच्या भरवशावर एवढी एक करून घेतो."

बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा पिकत होता. वय अठ्ठ्याहत्तर. त्यात थंडीचे दिवस, ऊन तिरपं, पट्टा अकराला येऊन दोनलाच पळायचा. मी मागघरात डोकावले तर बाबा फणीवर नाक टेकवून विणत होते. फणी म्हणजे विणलेला धागा ठोकून बसवायची कंगव्यासारखी पट्टी. माझा जीव कळवळला, हे खरं. पण माझा जीव कळवळला की तोंडातून रागच निघतो, ही माझी जुनी खोड.

"बाबा, अशानं संक्रांत काय, होळीलेही नाही होत साडी. अंधारात काहून बसून राहिले?"

"अंधार कुठं हाय वं," बाबा म्हणाले. "साहेब आला ना."

मी वर पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात तोवर बल्ब पेटला होता.

सौरदिवा. मी शाळेत शिकवते, मला माहीत नाही तर कोणाला माहीत असणार. छपरावर पॅनल, आत बॅटरी, दोन बल्ब. घरातून वायर ओढायची नाही, धक्का नाही, ठिणगी नाही, बाबांची शपथही मोडत नाही. जरीपटक्याच्या मार्केटात जाऊन मी सामान बघून आले, दुकानदाराला व्होल्ट-वॉटचे प्रश्न विचारून पार हैराण केलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. बाबांना सांगायचं नाही, एकदम दाखवायचं, असं ठरवलं. आई-बाबा उमरेडला मावशीकडे साखरपुड्याला दोन दिवस गेले, तेव्हा चावी माझ्याकडे होती. फिटर बोलावला. पारशिवनीकडच्या शेतांमध्ये सौरपंप बसवणारा, कामाचा माणूस.

तो शिडीवर चढला. छपराची एकच बाजू उन्हाची, आणि त्या बाजूलाही शेजाऱ्याच्या कडुनिंबाची सावली. तो वरून म्हणाला, "म्याडम, दिवसभर ऊन लागन अशी जागा इथं एकच हाय. पण खाली दोन काचेचे कवेलू दिसून राहिले. थेट त्यायच्यावरच येते पॅनल. झाकू का?"

त्यानं विचारलं होतं. हे मी स्वतःशी किती वेळा घोळवलं असेल. शेतात पंप बसवणाऱ्या माणसाला शंका आली, आणि मी, त्या कवेलूंखाली लहानाची मोठी झालेली, अंगणात उभी राहून नाक वर करून म्हणाले, "झाका. आता लाइट आला, काचेचं काय लोणचं घालायचं?"

तो हसला. त्यानं झाकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई-बाबा आले. मी त्यांना थेट मागघरात नेलं आणि बटण दाबलं. पांढराशुभ्र उजेड. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसायला लागली. बाबांनी आधी वर पाहिलं, काचेचे कवेलू होते तिथे. तिथे आता काळं होतं. मग त्यांनी बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बहुत उजेड झाला वं," ते म्हणाले.

आई बाबांच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, तिला गहिवरून आलं.

शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. मी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला, त्यावर टाळ्या आणि फुलं पडली. मुख्याध्यापकांनी विज्ञान प्रदर्शनात मला त्यावर बोलायला लावलं आणि मी बोलले, दहा मिनिटं, तोंड वर करून. "विज्ञान घरात कसं आणावं" असलं काहीतरी. त्या भाषणातलं एक वाक्य तर मला अजून झोंबतं. मी म्हणाले होते, "माझ्या वडिलांनी आयुष्यभर अंधारात काम केलं."

पंधरा दिवसांनी गेले तर बाबा अंगणात. हातात दोन कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या छोट्या नळ्या. ते त्या उन्हात धरत होते, डोळ्यांजवळ नेत होते, पुन्हा लांब धरत होते. मग उंबरा ओलांडून आत गेले, खड्ड्यात बसले. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, खड्ड्यातून हातावर जोर देऊन उठायचं, उंबऱ्याबाहेर यायचं, परत जायचं. मी चहा पिईपर्यंत त्यांच्या तीन खेपा झाल्या. माझी सटकली.

"काय चाललंय हे? आत एवढा लख्ख उजेड करून देला अन् तुम्ही उन्हात फिरून राहिले. पडले-झडले तर कोण पाहील? लोक काय म्हणतील, पोरीनं लाइट लावून देला तरी म्हातारा ऐकत नाही."

पलीकडच्या काकू भिंतीपाशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बाबांनीही पाहिलं की त्यांनी ऐकलं. ते कांड्या मुठीत धरून उभे राहिले, शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखे.

"हाव वं," म्हणाले. "नाही जात आता बाहेर."

आणि खरंच नाही गेले. माझ्या बाबांनी माझा शब्द पाळला.

मग चाचणीचे पेपर तपासणं, सहल, अमकं-ढमकं, मी तीन आठवडे फिरकलेच नाही. फोनवर आई म्हणायची, "चाललं हाय." संक्रांतीला सहा दिवस होते तेव्हा तिचा फोन आला. "साडी कापून घेतली यायनं."

"झाली?"

"नाही झाली. कापून घेतली."

ज्यांना माग माहीत नाही त्यांना यातला फरक समजणार नाही. मागावर ताणलेलं सूत एकदा कापलं की साडी तिथेच संपली. ते पुन्हा जोडून पुढे विणता येत नाही, निदान बाबांच्या हिशेबात नाही. अर्धी साडी कापून घेतलेली मी त्यांच्या हातून कधी पाहिली नव्हती. माझी आजी वारली तेव्हासुद्धा त्यांनी तेराव्यानंतर तीच साडी पुढे विणली होती.

मी तशीच गेले. बाबा पलंगावर बसले होते, हात मांडीवर. मला पाहून म्हणाले, "डोळे गेले वं माहे."

आईनं सांगितलं ते असं. उजेड लावल्यावर पहिल्याच आठवड्यात काठात लालच्या जागी कथ्थई गेली. विणताना दोघांनाही कळलं नाही. कापड अंगणात उलगडून पाहिलं तेव्हा दिसलं, वीतभर. बाबांनी ती वीत धागा-धागा उकलली आणि पुन्हा विणली. मग ते कांड्या बाहेर नेऊन पारखायला लागले, तेव्हा मी आले आणि बोलले. त्यानंतर पुन्हा चुकलं, आणि पुन्हा. कोशाचा धागा दोनदा उकलला की पिंजारतो. चौथ्यांदा चुकलं तेव्हा बाबांनी आईला म्हटलं, "मले आता लाल अन् कथ्थई समजत नाही. एवढ्या उजेडातही समजत नाही, म्हणजे दृष्टीच गेली." आणि कात्री मागितली. साडी साडेतीन वार झाली होती. पदर व्हायचाच होता.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, बाबांनी त्यातले आकडे घडाघडा वाचले. "ऑपरेशन झालेला डोळा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याचं उन्हाळ्याआधी करून घ्या." रस्त्यात बाबा म्हणाले, "डॉक्टरले काय समजते. त्याले कुठं सूत पाहा लागते."

त्यांना घरी सोडलं आणि मी एकटी मागघरात गेले. का गेले ते सांगता येत नाही. दार लावलं. बल्ब लावला. कोनाड्यात कांड्यांची टोपली होती, त्यातून एक लाल आणि एक कथ्थई काढली. मग विचार आला, यातली लाल कोणती? माझे डोळे धडधाकट, चष्मा नवाकोरा. मी त्या कांड्या बल्बच्या पार खाली नेल्या. दोन्ही सारख्याच, मातकट. दार उघडून अंगणात आले आणि ऊन पडल्याबरोबर डाव्या हातात कुंकू होतं आणि उजव्या हातात कात.

त्या स्वस्तातल्या पांढऱ्या बल्बच्या उजेडात लाल जवळजवळ नसतोच. हे मला माहीत होतं. सव्वीस वर्षं सफरचंद काढत होते फळ्यावर.

आई घराच्या मागच्या दारात उभी होती. तिनं माझ्या हातातल्या कांड्या पाहिल्या, मग छपराकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं," मी म्हणाले.

"कवेलू झाकले गेले तवाच मले वाटलं. मी यायले म्हटलं, पोरीले सांगा, काच मोकळी करून घ्या. त हे म्हणे, ते उजेडाचंच शिकवते, तिनं काही विचार करूनच केलं असन. आपल्याले काय समजते." आईनं पदरानं नाक पुसलं. "आता तू सांगजो यायले. माह्यावर नाही विश्वास बसत."

"सांगते," मी म्हणाले.

आणि नाही सांगितलं. या सगळ्यात हेच सांगायला मला जड जातंय. कवेलू झाकले तो मूर्खपणा होता, अंगणात बोलले तो उद्धटपणा होता. पण त्यानंतरचे तीन महिने मी जे केलं त्याला माझ्याकडे चांगला शब्दच नाही. पुढच्या रविवारी मी फिटरला बोलावून पॅनल उतरवलं आणि बाबांना सांगितलं, बॅटरी बिघडली. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चकित झाले. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आता तसंही काय काम हाय." काचेतून पट्टा पुन्हा मागावर उतरला. खाली विणायला काही नव्हतं.

संक्रांतीला आई जुनीच साडी नेसली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना बाबा ओट्यावर बसून सांगत होते, "पोरीनं लाइट लावून देला म्हणून साडेतीन वार तरी झाली. नाहीतर तेवढीही होत नव्हती." मी तिथेच तिळगुळाचं ताट धरून उभी होते. ताट घेऊन मी आत गेले आणि न्हाणीघराचं दार लावून बराच वेळ उभी राहिले. बाहेर येऊन सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. नुसती जीभ हलवायची होती.

दर रविवारी जायचे. जाताना स्कूटरवर वाक्यं जुळवायचे. पोचले की आई माझ्याकडे बघायची, मी तिची नजर चुकवून भाजी निवडायला घ्यायचे. बाबा दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला नाही म्हणाले. "आता कशाले? जेवाले-चालाले एक पुरते." तरी मी सांगितलं नाही. शिकलेली पोरगी म्हणून त्यांनी मला जन्मभर मिरवलं होतं. ते मिरवणं हातचं जाईल, ही माझी भीती. त्यांच्या डोळ्यांपेक्षा मला ती मोठी वाटली, असं आता सरळ म्हणावं लागतं.

एका रविवारी मात्र मी पक्कं ठरवून गेले होते. आजच, चहा प्यायच्या आधी. पोचले तर ओट्यावर पाहुणा. उमरेडचा विणकर, बाबांच्या ओळखीचा, गप्पा चाललेल्या. माझा जीव भांड्यात पडला. पाहुण्यासमोर कसं सांगणार, हो ना? मी चहा केला, पोहे केले, मोठ्या आपुलकीनं त्यांना आग्रह केला. ते निघाले तेव्हा त्यांची कापडी पिशवी खुंटीला राहिली होती. मी धावत जाऊन ती फाटकापाशी त्यांच्या हातात दिली.

सांगितलं ते एप्रिलमध्ये. आईमुळे. तिनं ती साडेतीन वाराची साडी ट्रंकेतून काढली, ऊन दाखवायला अंगणात दोरीवर टाकली, आणि मला म्हणाली, "तू नाही सांगत त मी ही फाडून उशीची खोळ करते." आई असं कधी बोलत नाही. मी बाबांपाशी जाऊन खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कवेलू, फिटरचा प्रश्न, माझं उत्तर, बल्ब, लाल, कथ्थई, मलाही दिसलं नाही ते, आणि बॅटरी बिघडली नव्हती तेही. रडत होते की नाही, आठवत नाही. बहुतेक रडत होते.

बाबा दोरीवरच्या साडीकडे बघत होते. काठ उन्हात नुसता पेटला होता, आणि जिथे कथ्थई शिरली होती ती चार बोटं मलाही दुरून दिसत होती.

"म्हणजे डोळे बरे होते माहे," ते म्हणाले.

"हो बाबा."

"संक्रांतीच्या टायमाले बरे होते."

"हो. अजूनही आहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणून बहुतेक वाट बघत होते. मी म्हणाले, "आपण पुन्हा लावू बाबा. सूत मी आणते. कवेलू आता मोकळे आहेत, ऊन बरोबर मागावर येते."

"काहून लावू अन् कशानं विणू," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "धोटे देऊन टाकले मी. तिन्ही. माह्या बापाच्या हातचे होते. म्हटलं, दृष्टी गेली, घरात ठेवून लाकडाले कीड लागन. त्यापरीस चालत्या मागावर जाऊ दे."

"कोणाले देले? मी आणते परत. आत्ता जाते."

"देलेलं परत मांगते का कोणी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून पाहिलं, आणि समजावल्यासारखं, हळूच म्हणाले, "उमरेडवाला आला होता ना, त्याले. तो त पिशवी विसरून चालला होता. तूच धावत गेली अन् त्याच्या हाती देली वं."